मोबाईल नेटवर्क ‘खुलं’ होतंय, पण ते सुरक्षित कोण ठेवणार? समजून घ्या ओपन रॅन आणि त्यातल्या त्रुटी शोधणाऱ्या संशोधकांचं काम

१२ डिसेंबर २०२३ च्या सकाळी युक्रेनमध्ये लाखो लोकांच्या फोनची रेंज अचानक गेली. देशातली सर्वांत मोठी मोबाईल कंपनी असलेल्या कीवस्टारवर सायबर हल्ला झाला होता. कंपनीचे मोबाईल ग्राहक होते सुमारे २ कोटी ४० लाख. युद्ध सुरू असलेल्या देशात काही भागांतली हवाई हल्ल्याचा इशारा देणारी यंत्रणा विस्कळीत झाली, कार्डने पैसे घेणारी मशिन्स अडली. सेवा पूर्ववत व्हायला काही दिवस लागले.

हल्लेखोर किमान मे २०२३ पासून कंपनीच्या यंत्रणेत शिरलेले होते आणि त्यांनी हजारो व्हर्च्युअल सर्व्हर पुसून टाकले, असं युक्रेनच्या सुरक्षा यंत्रणेच्या अधिकाऱ्यानं नंतर सांगितलं. म्हणजे एकाही टॉवरला हात न लावता इतकं मोठं नेटवर्क बंद पाडता आलं.

यातून एक गोष्ट लक्षात येते. मोबाईल नेटवर्क म्हटलं की आपल्याला टॉवर आणि अँटेना आठवतात, पण आजचं नेटवर्क मोठ्या प्रमाणात सॉफ्टवेअरवर चालतं. येत्या काळात हे प्रमाण आणखी वाढणार आहे, कारण जगभरात मोबाईल नेटवर्क ‘खुलं’ करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. त्याला म्हणतात ‘ओपन रॅन’. हे नेटवर्क खुलं झालं तर ते जास्त सुरक्षित होईल की कमी, या प्रश्नावर गेली काही वर्षं सरकारं, कंपन्या आणि विद्यापीठं काम करत आहेत. त्यातला बराचसा किचकट भाग पीएचडी नुकतीच संपवलेले तरुण संशोधक, म्हणजेच ‘पोस्टडॉक’, करतात.

हे सगळं नेमकं काय आहे, ते सोप्या शब्दांत समजून घेऊया.

तुमचा कॉल जातो कसा?

मोबाईल नेटवर्कचे ढोबळमानाने तीन भाग असतात. पहिला तुमचा फोन. दुसरा रेडिओ नेटवर्क, म्हणजे टॉवर, त्यावरचे अँटेना आणि तिथली यंत्रं. फोनमधून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणं आणि त्यांचं डेटामध्ये रूपांतर करणं हे त्याचं काम. इंग्रजीत याला ‘रेडिओ ॲक्सेस नेटवर्क’ म्हणतात, त्याचंच लघुरूप ‘रॅन’.

तिसरा भाग म्हणजे ‘कोअर’, नेटवर्कचा मेंदू. हे सिमकार्ड खरं आहे का, हा ग्राहक आत्ता कोणत्या टॉवरखाली आहे, त्याचा कॉल कुठे वळवायचा, त्याचा डेटा पॅक संपला आहे का, हे सगळं कोअर ठरवतं. पुण्यातला एक टॉवर बंद पडला तर तेवढ्या परिसरातली रेंज जाते. कोअर बंद पडलं तर अख्ख्या शहराची किंवा त्याहून मोठ्या भागाची सेवा जाऊ शकते.

मग यात ‘बंद’ काय होतं?

फोन आणि टॉवर यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचं, याचे नियम जगभर सारखे आहेत. १९९८ मध्ये स्थापन झालेली ‘३जीपीपी’ ही संस्था ते ठरवते. म्हणूनच मुंबईत घेतलेला फोन दुबईतही चालतो.

पण टॉवरवरच्या यंत्रणेच्या आतले भाग एकमेकांशी कसे बोलतात, हे मात्र प्रत्येक कंपनीचं आपापलं गुपित राहिलं. नियम कागदावर असले तरी प्रत्यक्षात एका कंपनीचा रेडिओ दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरशी जुळत नसे. त्यामुळे मोबाईल कंपनीला एका भागात सगळी सामग्री एकाच पुरवठादाराकडून घ्यावी लागायची. आणि जगात मोठे पुरवठादार तरी किती? स्वीडनची एरिक्सन, फिनलंडची नोकिया, चीनच्या हुआवे आणि झेडटीई, दक्षिण कोरियाची सॅमसंग. यादी इथेच जवळपास संपते.

एकदा एका कंपनीची यंत्रणा बसवली की ती बदलणं महाग. दर त्यांचे, दुरुस्ती त्यांची, सॉफ्टवेअरही त्यांचंच. आत काय चाललंय हे बाहेरच्या कुणाला तपासता येणंही अवघड.

ओपन रॅन म्हणजे काय?

ओपन रॅनमध्ये ही एकसंध पेटी फोडून तिचे तुकडे केले जातात. अँटेनाजवळ बसणारा रेडिओ हा एक भाग. त्या रेडिओकडून आलेल्या सिग्नलवर झटपट प्रक्रिया करणारा दुसरा भाग. एका वेळी अनेक टॉवरचा कारभार बघणारा तिसरा भाग. यातले शेवटचे दोन भाग मुख्यतः सॉफ्टवेअर असतात आणि ते साध्या सर्व्हरवर किंवा क्लाउडवर चालू शकतात.

या तुकड्यांना जोडणारे सांधे कसे असावेत, याचे नियम सर्वांसाठी खुले असतात. त्यामुळे रेडिओ एका कंपनीचा, सॉफ्टवेअर दुसरीचं आणि सर्व्हर तिसरीचा, अशी जुळणी करता येते. घरातला संगणक असेंबल करून घेताना आपण मॉनिटर, रॅम आणि हार्डडिस्क वेगवेगळ्या कंपन्यांची घेतो, तसंच काहीसं.

यात आणखी एक नवा भाग आला आहे. त्याचं नाव ‘रिक’. हा रॅनचा नियंत्रक. कुठल्या टॉवरवर गर्दी वाढली आहे, कुणाला कोणत्या टॉवरकडे वळवायचं, वीज कुठे वाचवता येईल, असे निर्णय तो घेतो. त्याचा एक प्रकार १० मिलिसेकंद ते १ सेकंद एवढ्या वेळात निर्णय घेतो, दुसरा त्याहून निवांत कामांसाठी असतो. या नियंत्रकावर फोनवरच्या ॲपसारखी छोटी ॲप्स बसवता येतात. त्यांना ‘एक्सॲप’ आणि ‘आरॲप’ म्हणतात. ही ॲप्स बाहेरची कंपनीही बनवू शकते.

इथे एक गोंधळ टाळायला हवा. ‘ओपन रॅन’ आणि ‘ओपन सोर्स’ या एकच गोष्टी नाहीत. ओपन रॅनमध्ये सांध्यांचे नियम खुले असतात, आतलं सॉफ्टवेअर मात्र कंपनीच्या मालकीचं आणि गुप्त असू शकतं. ओपन सोर्समध्ये सॉफ्टवेअरचा कोडच सर्वांना वाचता येतो. फ्रान्समधल्या युरेकॉम या संस्थेतून सुरू झालेलं ओपनएअरइंटरफेस, आयर्लंडमधल्या कंपनीचं एसआरएसरॅन आणि कोअरसाठीचं ओपन५जीएस ही मोबाईल नेटवर्कमधल्या ओपन सोर्सची प्रसिद्ध उदाहरणं.

ही कल्पना जोर धरू लागली ती कशामुळे?

२०१८ मध्ये एटी अँड टी, चायना मोबाईल, डॉइश टेलिकॉम, एनटीटी डोकोमो आणि ऑरेंज या पाच मोठ्या मोबाईल कंपन्यांनी ‘ओ-रॅन अलायन्स’ स्थापन केली. खुल्या सांध्यांचे नियम ठरवण्याचं काम ही संस्था करते. भारतातल्या एअरटेल आणि जिओ याही तिच्या सदस्य आहेत. एप्रिल २०२० मध्ये जपानच्या राकुटेन मोबाईलनं जवळपास पूर्णपणे सॉफ्टवेअरवर आधारलेलं नेटवर्क ग्राहकांसाठी सुरू केलं.

त्याच सुमारास राजकारणही तापलं. चिनी कंपन्यांची यंत्रणा वापरली तर हेरगिरीचा धोका आहे, असं अमेरिका सांगत होती. जुलै २०२० मध्ये ब्रिटननं आपल्या ५जी नेटवर्कमधून हुआवेची सगळी सामग्री २०२७ च्या अखेरपर्यंत काढून टाकण्याचा निर्णय घेतला. हुआवे आणि झेडटीई वगळले तर उरतात जेमतेम दोन-तीन पर्याय. मग नवे पुरवठादार यावेत म्हणून सरकारांनाच ओपन रॅनमध्ये रस वाटू लागला. २०२२ च्या एका कायद्याद्वारे अमेरिकेनं त्यासाठी १५० कोटी डॉलरचा निधी बाजूला काढला.

प्रत्यक्षात सगळं ठरल्याप्रमाणे झालेलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये एटी अँड टीनं ओपन रॅनकडे वळण्याची मोठी घोषणा केली. पाच वर्षांत सुमारे १,४०० कोटी डॉलर खर्चाचं हे कंत्राट मुख्यतः गेलं ते एरिक्सनला, म्हणजे जुन्याच बड्या पुरवठादाराला. नियम खुले झाले म्हणून बाजार लगेच खुला होतोच असं नाही, अशी टीका तेव्हा झाली.

खुलं म्हणजे असुरक्षित का?

जर्मनीच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, बीएसआयनं, ओपन रॅनच्या जोखमींचा अभ्यास करून घेतला. तो नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हाच्या नियमांनुसार अनेक भागांत आणि सांध्यांत मध्यम ते उच्च जोखीम आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. मोठा आक्षेप असा, की सुरक्षेचे बरेच उपाय नियमांत ऐच्छिक ठेवले होते. म्हणजे कुलूप लावायची सोय होती, पण लावलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती.

मे २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या अहवालानं हीच काळजी व्यक्त केली. भाग वाढले, सांधे वाढले, त्यामुळे हल्ल्याच्या जागाही वाढल्या. पण पुढे जाऊन एकाच पुरवठादारावरचं अवलंबित्व कमी होईल आणि नेटवर्कमध्ये काय चाललंय ते अधिक स्पष्ट दिसेल, असे फायदेही त्यात नोंदवले होते.

भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांच्या ‘क्वाड’ गटाचा अहवाल मे २०२३ मध्ये आला. पारंपरिक रॅनच्या तुलनेत ओपन रॅनमुळे धोक्यांचं चित्र मुळातून बदलत नाही, असं त्यानं म्हटलं.

या मधल्या काळात ओ-रॅन अलायन्सनं सुरक्षेसाठी वेगळा कार्यगट नेमला आणि बरेच नियम कडक केले. आधी कुणावरच भरवसा ठेवायचा नाही, नेटवर्कच्या आतल्या भागानंही दरवेळी ओळख पटवायची, हे ‘झिरो ट्रस्ट’ नावाचं तत्त्व त्यात आलं.

आणि बंद पेटी तरी सुरक्षित होती का? २०१९ मध्ये दक्षिण कोरियाच्या काइस्ट या संस्थेतल्या संशोधकांनी प्रत्यक्ष सुरू असलेल्या ४जी नेटवर्कची, मोबाईल कंपन्यांच्या परवानगीनं, तपासणी केली. त्यांना ५१ त्रुटी आढळल्या. त्यातल्या ३६ आधी कुणालाच माहीत नव्हत्या. पेटी बंद होती म्हणून त्या कुणाला दिसल्या नव्हत्या, इतकंच.

धोका नेमका कुठे आहे?

संशोधकांचं लक्ष मुख्यतः तीन ठिकाणी आहे.

पहिलं ठिकाण म्हणजे घड्याळ. अँटेनाजवळचा रेडिओ आणि त्याच्यामागचा प्रोसेसर यांची घड्याळं मायक्रोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात जुळलेली असावी लागतात. ५जीमध्ये बऱ्याचदा एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीनं बोलणं आणि ऐकणं चालतं. वेळ चुकली की सगळेच एकदम बोलू लागतात. पूर्वी हे दोन भाग एकाच कंपनीच्या बंद तारेनं जोडलेले असत. आता ते साध्या इथरनेट नेटवर्कवरून वेळेचे संदेश पाठवतात. त्या नेटवर्कमध्ये शिरलेल्या कुणी ‘खरी वेळ मी सांगतो’ असा खोटा संदेश दिला तर? अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत नेमकं हेच करून पाहिलं. प्रत्यक्ष वापरात असतं तशा दर्जाचं ५जी बेस स्टेशन साधारण दोन सेकंदांत कोसळलं.

यावर उपाय सोपा वाटतो. संदेशाची खातरजमा करा, तो सांकेतिक करा. पण प्रत्येक कुलूप उघडायला वेळ लागतो आणि इथे वेळ मायक्रोसेकंदांत मोजला जातो. किती सुरक्षा घातली तर नेटवर्क मंदावणार नाही, हे मोजून बघणं हा संशोधनाचा स्वतंत्र विषय झाला आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे ॲप्स. नियंत्रकावर बसवलेलं एखादं ॲप खोडसाळ निघालं किंवा त्यात चूक असली तर ते अनेक टॉवरवर परिणाम करू शकतं. २०२३ मध्ये ट्रेंड मायक्रो या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ओपन सोर्स नियंत्रकातल्या अशा त्रुटी जाहीर केल्या. ॲप्समधले निरोप पोहोचवणारा भाग, निरोप कुठे न्यायचा याची यादी कुणाकडूनही स्वीकारत होता. ती पाठवणारा खरा की खोटा, हे तो तपासतच नव्हता. पोस्टमननं वाटेत भेटलेल्या कुणाच्याही सांगण्यावरून पत्ते बदलावेत, तसा प्रकार.

तिसरं ठिकाण म्हणजे कोअर. याबद्दल सर्वांत धक्कादायक निष्कर्ष अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठ आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडले. ‘रॅनसॅक्ड’ नावाच्या या अभ्यासात त्यांना ४जी आणि ५जी कोअरच्या सॉफ्टवेअरमध्ये ११९ त्रुटी सापडल्या. यातल्या प्रत्येक त्रुटीचा वापर करून एखाद्या शहराएवढ्या भागातली सेवा बंद पाडता येऊ शकते, असं त्यांचं म्हणणं आहे. काही त्रुटींसाठी तर वैध सिमकार्डचीही गरज नाही. नेटवर्कशी पहिलीच ओळख होत असताना, म्हणजे तुम्ही कोण हे विचारलं जाण्याआधीच, एक छोटासा वेडावाकडा संदेश पाठवला की पलीकडचं सॉफ्टवेअर बंद पडतं.

पूर्वी कोअरला धोका कमी असल्याचं मानलं जायचं, कारण त्याच्याशी बोलणारे टॉवर कंपनीच्या ताब्यात आणि कुंपणाआड असत. आता घराघरांत आणि ऑफिसांत छोटी बेस स्टेशन्स बसतात. कुंपणच उरलं नाही, तर आतल्या दारालाही कडी हवी.

या त्रुटी शोधतात कशा?

बँकेत पैसे भरायच्या स्लिपवर रकमेच्या रकान्यात कुणी स्वतःचा पत्ता लिहिला तर कॅशिअर ती परत देतो. सॉफ्टवेअरनंही तसंच करायला हवं. पण अनपेक्षित माहिती आली की कधीकधी ते गोंधळतं आणि बंद पडतं. म्हणून संशोधक एक प्रोग्रॅम लिहितात, जो लाखो चुकीचे, अर्धवट, उलटसुलट संदेश तयार करून नेटवर्ककडे पाठवत राहतो. कुठल्या संदेशावर ते कोसळतं, याची नोंद ठेवतो. या पद्धतीला ‘फझिंग’ म्हणतात. ‘रॅनसॅक्ड’मधल्या त्रुटी याच पद्धतीनं सापडल्या.

हे प्रयोग खऱ्या नेटवर्कवर करता येत नाहीत. परवानगीशिवाय तसं करणं गुन्हा आहे, आणि त्या टॉवरखालचा कुणीतरी त्याच क्षणी रुग्णवाहिकेला फोन लावत असू शकतो. म्हणून खास प्रयोगशाळा लागतात. नॉर्थईस्टर्न विद्यापीठात ‘कोलोसियम’ नावाची यंत्रणा आहे. मुळात अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेनं, डार्पानं, ती उभारली होती. तिच्यात २५६ सॉफ्टवेअर रेडिओ आहेत. शहरातल्या इमारती आणि अंतरं यांमुळे सिग्नलवर होणारा परिणाम तिथे संगणकावर उभा केला जातो, त्यामुळे बाहेर एकही लहर न सोडता अख्खं नेटवर्क चालवून बघता येतं. युटा विद्यापीठाचं ‘पाऊडर’ हे सॉल्ट लेक सिटीत पसरलेलं दुसरं केंद्र. तिथे खऱ्या अँटेनांवर, ठरवून दिलेल्या मर्यादेत प्रयोग होतात.

त्रुटी सापडली की ती लगेच जाहीर करत नाहीत. आधी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना खासगीत कळवतात आणि दुरुस्तीसाठी मुदत देतात. ९० दिवसांची मुदत बरीच रूढ आहे. त्यानंतर त्रुटीला क्रमांक मिळतो आणि शोधनिबंध छापला जातो.

‘पोस्टडॉक’ कोण असतात आणि हे काम त्यांच्याकडेच का?

पीएचडी झाल्यावर आणि कायमची नोकरी मिळण्याआधी अनेक संशोधक एखाद्या प्रयोगशाळेत साधारण एक ते तीन वर्षं कंत्राटावर काम करतात. हीच पोस्टडॉक्टरल फेलोशिप. भारतातही सरकारकडून पोस्टडॉकसाठी दोन वर्षांची राष्ट्रीय फेलोशिप मिळते.

ओपन रॅनच्या सुरक्षेसाठी दोन वेगवेगळी शास्त्रं येणारा माणूस लागतो. रेडिओ लहरींचं गणित जाणणाऱ्याला सहसा हॅकिंग येत नाही आणि सायबर सुरक्षेतल्या माणसाला अँटेनाचं फारसं कळत नाही. एका विषयात पीएचडी करून दुसऱ्या विषयाच्या प्रयोगशाळेत गेलेला पोस्टडॉक हा दुवा जोडू शकतो. त्याच्यावर प्राध्यापकासारखा शिकवण्याचा भार नसतो आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यासारखं पदवीचं ओझंही नसतं.

आणखी एक कारण आहे, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. जुन्या पद्धतीत नेटवर्क बिघडलं की फोन कुणाला करायचा हे माहीत असायचं. पेटी ज्याची, जबाबदारी त्याची. आता रेडिओवाला म्हणणार माझा भाग ठीक आहे, सॉफ्टवेअरवाला म्हणणार माझाही ठीक आहे, क्लाउडवाला म्हणणार आम्ही फक्त जागा दिली. प्रत्येक जण आपापला तुकडा तपासतो. दोन तुकड्यांमधला सांधा मात्र कुणाच्याच मालकीचा नसतो. वर सांगितलेले धोके पुन्हा बघा. घड्याळाचा संदेश, ॲप्सचे निरोप, टॉवर आणि कोअरची पहिली ओळख, तिन्ही प्रकार सांध्यांवरचेच आहेत. तिथे बाहेरचा, कुठल्याही कंपनीशी न बांधलेला तपासनीस लागतो.

अडचण अशी, की हा तपासनीस स्वतःच तात्पुरता असतो. दोन वर्षांत कंत्राट संपतं, तो दुसऱ्या देशात किंवा कंपनीत जातो. त्यानं लिहिलेलं तपासणीचं साधन इंटरनेटवर राहतं, पण नवं सॉफ्टवेअर आल्यावर ते अद्ययावत करायला कुणी उरत नाही. शोधनिबंध नव्या त्रुटीसाठी छापला जातो. जुनी त्रुटी खरंच दुरुस्त झाली का, हे पुन्हा तपासण्याचं श्रेय फारसं कुणी देत नाही.

मार्च २०२४ मध्ये हाच प्रश्न वेगळ्या क्षेत्रात समोर आला. लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या छोट्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरवाट घुसवली होती. त्याआधी सुमारे दोन वर्षं त्या व्यक्तीनं मदतनीस बनून प्रकल्पाचा विश्वास मिळवला होता. मायक्रोसॉफ्टमधले अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना एका कामाला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून त्यांनी शोध घेतला आणि चोरवाट सापडली. कोड खुला होता म्हणून त्यांना तो बघता आला. पण तो बघणं हे कुणाचंच ठरलेलं काम नव्हतं.

भारतात काय चाललंय?

भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. त्याआधी, मे २०२२ मध्ये स्वदेशी ५जी टेस्ट बेडचं उद्घाटन झालं. आयआयटी मद्रासच्या पुढाकारानं आठ संस्थांनी तो उभारला. त्यात आयआयटी मुंबई आणि मुख्यालय मुंबईतच असलेली ‘समीर’ ही सरकारी संशोधन संस्था सहभागी होत्या. नवउद्योग आणि विद्यार्थ्यांना आपलं तंत्रज्ञान परदेशात न नेता इथेच तपासता यावं, हा त्याचा उद्देश.

२७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलचं स्वदेशी ४जी नेटवर्क अधिकृतपणे सुरू झालं. त्यातलं कोअर सी-डॉट या सरकारी संस्थेचं, रेडिओ यंत्रणा तेजस नेटवर्क्सची आणि सगळ्यांची जुळणी टीसीएसची. रेडिओचे सगळे भाग एकाच कंपनीचे असल्यामुळे हे ओपन रॅनचं नमुनेदार उदाहरण नाही. पण वेगवेगळ्या घरांतून आलेले भाग जोडून देशभर नेटवर्क चालवायचं, तर सांध्यांच्या तपासणीचा प्रश्न इथेही येतोच.

सुरक्षेच्या बाजूनं दोन मोठे नियम आहेत. १५ जून २०२१ पासून मोबाईल कंपन्यांना नवी उपकरणं सरकारनं मान्य केलेल्या ‘विश्वासार्ह स्रोतां’कडूनच घ्यावी लागतात. दुसरं म्हणजे, बेंगळुरूमधलं राष्ट्रीय दूरसंचार सुरक्षा केंद्र नेटवर्कच्या उपकरणांसाठी सुरक्षेच्या कसोट्या ठरवतं.

या दोन्ही व्यवस्था ‘हा भाग विश्वासाचा आहे का’ एवढं विचारतात. ओपन रॅनमध्ये त्यापुढचा प्रश्न येतो. दहा विश्वासाचे भाग जोडल्यावर तयार झालेलं नेटवर्क विश्वासाचं आहे का? शिवाय सॉफ्टवेअर दर काही महिन्यांनी बदलतं. मग एकदा दिलेलं प्रमाणपत्र किती काळ खरं मानायचं? याचं उत्तर सतत चालणाऱ्या तपासणीतच आहे, आणि त्यासाठी माणसं लागतात.

मग सामान्य ग्राहकाला याचं काय?

तुमच्या टॉवरवर ओपन रॅन आहे की जुनी यंत्रणा, हे तुम्हाला फोनवर दिसणार नाही. त्यात तुम्हाला बदलही करता येणार नाही. फोनचे अपडेट वेळेवर टाकणं एवढं मात्र तुमच्या हातात आहे, कारण फोनमधल्या मोडेमच्या त्रुटीही त्यातूनच दुरुस्त होतात.

पण हा विषय तुमच्याशी जोडलेला आहे. बँकेचा ओटीपी, यूपीआय, ११२ हा आपत्कालीन क्रमांक, गॅसच्या सिलिंडरचं बुकिंग, सगळं याच नेटवर्कवर चालतं. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑप्टस कंपनीचं नेटवर्क दिवसभर बंद पडलं. तो सायबर हल्ला नव्हता, यंत्रणेतली तांत्रिक चूक होती. तरी सुमारे एक कोटी ग्राहक अडकले आणि काहींना आपत्कालीन क्रमांकही लागेना.

नेटवर्क खुलं केल्यानं ते आपोआप सुरक्षित होत नाही आणि आपोआप धोक्यातही येत नाही. त्यातल्या चुका बाहेरच्या माणसाला बघता येतात, एवढाच बदल होतो. ती संधी हल्लेखोरालाही मिळते आणि संशोधकालाही. फरक असा, की हल्लेखोर जितका वेळ लागेल तितका थांबू शकतो. कीवस्टारच्या यंत्रणेत ते किमान सात महिने होते. संशोधकाचं कंत्राट मात्र दोन वर्षांत संपतं.

त्यामुळे ओपन रॅनबद्दलची पुढची मोठी घोषणा ऐकाल, तेव्हा किती टॉवर आणि किती हजार कोटी याबरोबर आणखी एक आकडा विचारायला हरकत नाही. हे नेटवर्क तपासायला किती माणसं नेमली आहेत, आणि किती वर्षांसाठी?